येळवशीचा दुपारचा खेळ

चित्रपट महोत्सवांना जायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. गळ्यात पट्ट्यानं लटकवलेलं ओळखपत्र, हातात घड्या पडून फाटत आलेलं वेळापत्रक, आणि एक सिनेमा डोक्यातून उतरायच्या आत दुसऱ्याच्या रांगेत उभं राहणं, हे सगळं मी हौसेनं केलं. रांगेत पुढे-मागे उभी असलेली माणसं काल पाहिलेल्या सिनेमाबद्दल इतक्या मोठ्यानं बोलतात की आज पाहायच्या सिनेमाची गोडी तिथंच निम्मी होते. मी स्वतः समीक्षा लिहिते, तेव्हा मला बोलायचा हक्क नाही. पण समीक्षकांइतकी बडबडी जमात मी दुसरी पाहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नसे. कुठल्याही शहरात, कुठल्याही महोत्सवात गेले की माझी नजर आधी रिकाम्या खुर्च्या शोधते. सभागृह खचाखच भरलं की आयोजकांच्या चेहऱ्यावर तेज येतं आणि मला उगाच उदास वाटायला लागतं. दिवे मालवले जातात, पडदा उजळतो, शेजारचा माणूस कोपरानं आपली जागा पक्की करतो, आणि मला घरची आठवण येते. नांदेडच्या माझ्या आताच्या घराची नव्हे. लातूरच्या एका थेटराची, जे आता उरलेलंसुद्धा नाही.

हे समजायला येळवस माहीत पाहिजे. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात, डिसेंबर-जानेवारीत कधीतरी येते. त्या दिवशी लातूर शहर रानात जातं. अर्धं नव्हे, सगळंच. दुकानांची शटरं खाली, रिक्षा गायब, चहाची टपरीसुद्धा बंद. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधलेली असते, म्हणजे छोटीशी खोपटीच. तिच्यात पूजा होते आणि मग भज्जी, आंबील, पिठाचे उकडलेले उंडे, बाजरीची भाकरी, खीर असं पोटाला तडस लागेपर्यंत जेवण होतं. ज्याला रान नाही त्याला कुणाचं तरी बोलावणं असतं, आणि ते नाकारणं म्हणजे बोलावणाऱ्याचा अपमान.

आम्हाला रान नव्हतं. बोलावणी यायची. पण वडील जायचे नाहीत आणि आम्हालाही पाठवायचे नाहीत. येळवशीला ते आम्हाला सिनेमाला न्यायचे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते सरकारी कचेरीत कारकून होते. पहिली नेमणूक उमरीला झाली, तेव्हा रविवारी पॅसेंजर धरून ते नांदेडला यायचे, लागोपाठ दोन सिनेमे बघायचे आणि परत जायचे. लग्न झालं, लातूरला बदली झाली, आणि पहिल्याच येळवशीला कचेरीतल्या एका सोबत्यानं दोघांना रानात बोलावलं. पुढचं मला आईनं सांगितलं, दादा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. दोघं बसनं गेले, आईच्या अंगावर लग्नातली साडी होती. कोपीपुढे पंगत बसली. या दोघांना मात्र सोबत्याच्या म्हाताऱ्या बापानं लांब बांधावर बसवलं आणि पत्रावळीवर वरून वाढलं. सोबती दुसरीकडे बघत राहिला. दादा उठले, आईला ‘चल’ म्हणाले आणि चालत डांबरीवर आले. लातुरात पोचले तर गाव ओस, एक थेटर तेवढं उघडं. त्याचा मॅनेजर हैदराबादकडचा होता, त्याला या अमावास्येचा पत्ता नव्हता. दादांनी बाल्कनीची दोन तिकिटं काढली. त्यानंतर आमच्या घरची येळवस तीच झाली.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले होते. सणाचं रांधणं मात्र आईच्या हातातून काही गेलं नाही. येळवशीला ती पहाटे उठून भज्जी करायची. वाटाणा, तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, चुका, मेथी, बाजारात जे जे मिळेल ते सगळं बेसनात शिजायचं. डबे भरून आम्ही थेटरात जायचो. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाचं लसूण घातलेलं आंबट ताक, ते माझ्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीत. एका वर्षी ती बाटली मी अंधारात उघडली, तर झाकण फटकन उडून पुढच्या रांगेत गेलं आणि नायक-नायिकेची ताटातूट चालू असताना सगळ्या बाल्कनीत लसणाचा वास सुटला. दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाल्कनीत आम्ही तिघंच होतो, त्यामुळे हसायची चोरी नव्हती.

मी सिनेमा बघायला तिथं शिकले. रिकाम्या थेटरात पडद्याशी आपलं थेट बोलणं होतं, मध्ये कुणाचं डोकं येत नाही. घरी येताना दादा ‘आवडला का’ असं कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, ‘तुला रडू कुठं आलं? आन् का आलं ते सांग.’ मी सांगायचे, ते मान हलवायचे, आणि चूक वाटलं तर म्हणायचे, ‘न्हाई, अजून विचार कर.’ माझं सगळं समीक्षण त्या एका प्रश्नावर चाललंय. पुढे मी जाडजाड पुस्तकं वाचली, तरी याच्यापुढचं काही सापडलं नाही.

आई गप्प बसून बघायची. फक्त पडद्यावर शेत आलं की ती पुढे सरकायची आणि हळूच म्हणायची, ‘ही ज्वारी न्हाई. कसलं पीक म्हनावं हे?’ आम्ही बापलेक तिला हसायचो. नायक कोण, त्याचं पुढे काय झालं, हे ती आठवड्यात विसरायची. पीक तिच्या लक्षात राहायचं.

दादा जाऊन आता काही वर्षं झाली. ते थेटरही पडलं, तिथं दुकानांची इमारत उभी राहिली. आई लातूर सोडायला तयार नाही. नांदेडला ये म्हटलं की म्हणते, ‘तुझ्या नांदेडात मी काय करू? कॉलेजात येऊन बसू?’ मी तिथल्या कॉलेजात शिकवते आणि वर्तमानपत्रात सिनेमावर लिहिते. महोत्सव आला की रजा टाकते. कुठल्याही महोत्सवात दुपारच्या खेळाला, जेवणानंतर प्रेक्षक जरा पांगलेले असले की मी मागच्या रांगेत जाऊन बसते. एकदा एका परदेशी सिनेमात म्हातारा बाप मुलीला रेल्वेच्या खिडकीतून शेंगा देतो, एवढंच दृश्य होतं, आणि मला हुंदका आवरेना. शेजारच्या बाईनं रुमाल दिला. मला मात्र बाहेर पडल्यावर ‘रडू का आलं ते सांग’ म्हणणारं माणूस हवं होतं.

आणि मग महोत्सव लातूरलाच यायचा ठरला. मोठ्या शहरातली मंडळी, जगभरचे सिनेमे छोट्या गावांत न्यायचे असा त्यांचा ध्यास. मी या भागातली म्हणून एका सिनेमाची ओळख करून द्यायला त्यांनी मला बोलावलं. तारखा ऐकल्या आणि मी कपाळाला हात लावला. नेमकी येळवस.

मी आयोजकांना फोन केला. म्हटलं, ‘त्या दिवशी अमावास्या आहे, तारीख पुढं ढकला.’

पलीकडचे गृहस्थ फार नम्रपणे म्हणाले, ‘मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आम्ही अमावास्या वगैरे मानत नाही.’

‘अहो, मीही मानत नाही. लातूर मानतं.’

‘तेच तर बदलायचंय आपल्याला,’ ते म्हणाले. बौद्धाच्या घरातली मी, आणि मला अंधश्रद्धेवर व्याख्यान! थोडा वेळ हसू आलं, थोडा वेळ राग आला. पण खरं सांगायचं तर मी फार जोर लावला नाही. माझ्या मनात एक वेगळीच लालूच उभी राहिली होती. येळवशीचा दिवस, लातूर, दुपारचा खेळ, आणि रिकामं थेटर. दादा गेल्यापासून आईनं थेटरात पाऊल टाकलं नव्हतं. तिला शेजारी घेऊन एकदा तसं बसायला मिळालं तर मला बाकी काही नको होतं.

मी तिला फोन करून सांगितलं, ‘येळवशीला सिनेमाला जायचंय. डबा कर.’

आई म्हणाली, ‘औंदा शेजारनीनं रानात बोलवलंय. मी व्हय म्हनले.’

आदल्या दिवशी मी लातूरला पोचले ते भांडायच्या तयारीनंच. शेजारीण म्हणजे पलीकडच्या घरातली, शेतकरी कुटुंबातली. औश्याच्या रस्त्याला त्यांचं रान आहे. बाई माझ्यापेक्षा थोडी मोठी, मी तिला वहिनी म्हणते. आई आजारी पडली तेव्हा तिनंच भात-वरण करून घातलेलं. तरीसुद्धा मी दारातच तिची उलटतपासणी घेतली. कोण कोण येणार, घरातलं मोठं माणूस कोण, पंगत कुठं बसते. वहिनीला कळलं मी काय विचारतेय ते. ती रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला.

‘ताई, मावशी आमच्या घरच्यावानी हायत,’ एवढंच म्हणाली.

मी आत आले. आई जमिनीवर बसून वाटाणे सोलत होती.

‘तुला परत बांधावर बसवलं तर?’ मी विचारलं.

‘बसवलं तर उठून येईन. मला बी पाय हायत.’

‘पण जायचंच कशाला?’

आईनं शेंग सोलली, दाणे परातीत टाकले. ‘ल्हानपनी मुरुडाजवळ आमच्या गावाला, मालकाच्या रानात जायचो आम्ही येळवशीला. माय कडबा वाहायची, कोप बांधायला हात लावायची. जेवायला बांधावर. पोरंसोरं कोपीत शिरायची, खिदळायची. मला लई वाटायचं आत जावं. एकदा गेले तर वरडले माझ्यावर. लगीन झाल्यावर वाटलं, आता जायला मिळंल. तर ते तसं झालं.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘कोपीच्या आत कसं असतंय, येवढं एकदा बगू दे मला. म्हातारी झाले आता.’

‘इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘त्यांचं मन मोडायचं का? किती हौसेनं न्यायचे थेटरात.’

‘तुला नाही आवडायचं?’

‘आवडायचं की. तुम्ही दोघं हसायचे, मी बगायची. पर खिडकी न्हवती त्या थेटराला.’

ज्या दुपारींसाठी मी जगभरच्या सिनेमागृहांत जीव टाकत होते, त्या दुपारी आई भिंतीपलीकडच्या हरभऱ्याचा विचार करत बसलेली होती. तिचं तिथं असणं खोटं नव्हतं. पण तिची येळवस वेगळी होती आणि ती कधी झालीच नव्हती. मी तिच्यासमोर बसून वाटाणे सोलायला घेतले. सिनेमाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

सकाळी वहिनीच्या घरची जीप भरली. आईनं हिरवी साडी नेसली होती, आपली भज्जी वेगळ्या पातेल्यात घेतली होती. चार बायकांत दाटीवाटीनं बसली आणि जीप हलली तसं तिनं मला हात केला. इतकी खुशीत मी तिला फार दिवसांनी पाहिली. मी मात्र मनाशी म्हटलं, कुणी एक शब्द वाकडा बोललं तर त्या जीपसकट सगळ्यांना सरळ करीन.

महोत्सवाच्या सभागृहात आयोजक एकटेच येरझाऱ्या घालत होते. स्वयंसेवक म्हणून नेमलेली कॉलेजची मुलं रानात गेलेली. नाश्तावाल्याचा फोन बंद. दुसऱ्या देशातून आलेले एक दिग्दर्शक पायऱ्यांवर उभे राहून बंद बाजाराकडे बघत होते. त्यांनी मला काळजीनं विचारलं, गावात दंगल झाली आहे का? मी म्हटलं, नाही हो, सगळे आपापल्या शेतात जेवायला गेलेत. त्यांनी सगळं नीट समजून घेतलं आणि ते सरळ मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर त्याच्या रानाकडे निघून गेले. मला ते दिग्दर्शक त्या क्षणी फार थोर वाटले. आयोजक मात्र माझ्याकडे असं बघत राहिले, जणू अमावास्या मीच घरून आणली होती.

मी व्यासपीठावर उभी राहून सकाळच्या खेळाच्या सिनेमाची ओळख करून दिली. समोर आयोजक आणि त्यांचे दोन सोबती. दिवे मालवले. सगळं अगदी मला हवं तसं होतं. ओळीच्या ओळी मोकळ्या, पडद्याच्या आणि माझ्यामध्ये कुणीही नाही. आणि मला पडद्यावरचं काही दिसेना. डोंगरातल्या एका म्हाताऱ्याचा घोडा हरवला होता, तो त्याला हाका मारत फिरत होता. मी मात्र मनात पंगत बघत होते. कोण कुठं बसलं, कुणी कसं वाढलं. खेळ संपताच मी मोटार काढली आणि औश्याच्या रस्त्याला लागले.

दोन्ही बाजूंना रानं माणसांनी फुललेली. बांधाबांधाला मोटारी, दुचाक्या, झाडाला बांधलेले झोके. वहिनीचं रान विचारत विचारत सापडलं. गाडी लावून ज्वारीच्या कडेनं आत वळले आणि मला समोर आई दिसली. लांबच्या बांधावर, कोपीकडे पाठ करून, एकटीच.

माझं डोकंच सटकलं. कोपीपुढे बायकांचा घोळका हसत होता, वहिनी हातात भाकरी घेऊन ‘ताई, या या’ म्हणत माझ्याकडे आली, तिला ओलांडून मी पुढे गेले. ज्वारीची पानं हाताला कापत होती, त्याचंही भान नव्हतं.

‘कुणी बसवलं तुला इथं?’ मी आईला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आईनं वर बघितलं. तिचे डोळे रडून लाल झालेले.

‘हळू बोल. कोन बसवतंय मला? मीच येऊन बसले.’

‘खरं सांग.’

‘खरंच सांगती. आत नेलं मला. तिची सासू हाय, तिच्याशेजारी बसवलं. पैली पत्रावळ माझ्याफुडं मांडली. माझी भज्जी समद्यांनी वाढून घेतली.’ तिनं पदरानं नाक पुसलं. ‘लई मानानं केलं त्यांनी. तू उगंच त्या पोरीला टाकून बोलू नगंस.’

मी तिच्याजवळ मातीत बसले. मागे वहिनी थबकून उभी होती. तिची क्षमा मागायचं काम मी नंतर केलं. आधी मला एकच विचारायचं होतं.

‘आत कसं असतं गं?’

आईनं मान वळवून कोपीकडे बघितलं. ‘अंधार असतोय. कडब्याच्या फटीतनं उजेड येतोय, बारीक बारीक. समोर तेवढं दिसतंय, बाकी काय न्हाई. थेटरावानी.’ आणि तिचा आवाज फुटला. ‘आत बसले आन् तुझे दादा आठवले. वाटलं, आज येळवस, ते थेटरात जाऊन बसले असतील. डबा न्हाई, काय न्हाई. घास गिळंना, म्हनून भाईर आले. लोकांच्या सनात कुठं रडायचं?’

मी तिचा हात धरून बसले. लांबून कुणीतरी आंबील शिंपडत रानाला फेरी मारताना देत असलेली आरोळी ऐकू येत होती.

थोड्या वेळानं आईनं विचारलं, ‘तुझ्या थेटरात किती मानसं हायत?’

‘कुणी नाही.’

‘दुपारचा खेळ हाय?’

‘आहे.’

‘मग तू हितं काय करायलीस?’ ती एकदम रागानं म्हणाली. ‘हितं मला इचारायला सारं रान हाय. तिथं त्यांना कोन हाय? जा, उठ.’

‘तू पण चल.’

‘न्हाई,’ आई म्हणाली. ‘माझं जेवान व्हायचंय अजून.’ तिनं डोळे पुसले, साडी झटकली आणि ती कोपीकडे चालायला लागली. वहिनीनं तिच्यासाठी वाट सोडली. ती वाकून आत शिरली.

मी लातूरला परतले. दुपारचा खेळ सुरू झाला होता. मी अंधारात चाचपडत मागची रांग गाठली. त्या खेळात काय दाखवलं ते मला सांगता येणार नाही, त्यावर मी कुठं लिहिलंही नाही. मी सिनेमा बघायला गेलेच नव्हते. दादांना सोबत म्हणून बसले होते.